सणाची तिथी कशी ठरते?
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, शिखरावर कळस चढला. आता दरवर्षी यात्रेची पत्रिका निघेल आणि तिच्याबरोबर जुना प्रश्नही येईल : यात्रा आज की उद्या? मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो. एका घरच्या पंचांगात एक दिवस आणि शेजारच्या घरी दुसरा, असे झाले की पालखीपुढेही दोन तट पडतात. म्हणून तिथी म्हणजे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. तिथीचे तसे नाही. चंद्र सूर्यापेक्षा १२ अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी २० तासांची, तर कधी २६ तासांहूनही मोठी असते. ती दिवसा वा रात्री केव्हाही संपू शकते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हा सामान्य नियम. दोन सूर्योदयांना तीच तिथी आली तर वृद्धी. एकही सूर्योदय लाभला नाही तर क्षय.

सणांना मात्र एवढ्याने भागत नाही. पूजेच्या वेळी ती तिथी असावी लागते. गणेश चतुर्थीला मध्यान्ह, लक्ष्मीपूजनाला प्रदोष, महाशिवरात्रीला मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय. पंचांगात तृतीया छापलेली असूनही त्या दिवशी संकष्टी येते, ती यामुळे. ती छापणाऱ्याची चूक नव्हे.

बारा चांद्रमासांचे दिवस सुमारे ३५४ आणि सौर वर्षाचे ३६५. दरवर्षी ११ दिवसांचे अंतर पडते. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक मास धरून हे अंतर भरून काढले जाते. तो साधारणपणे ३२-३३ महिन्यांनी येतो. तो नसता तर दिवाळी हळूहळू सरकत ऐन पावसाळ्यात आली असती. मकरसंक्रांत सूर्यावर ठरते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते.

मग पंचांगांत भेद का? पहिले कारण स्थळ. नागपूरला मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी सूर्य उगवतो. दुसरे कारण गणित. टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या तारेपासून धरते. इतर बहुतेक पंचांगे तो चित्रा तारेच्या समोरून धरतात. या दोहोंत सुमारे ४ अंशांचा फरक असल्याने संक्रांती पुढेमागे होतात आणि एखाद्या वर्षी अधिक मासही वेगळा येतो. तिसरे कारण शास्त्रवचनांचा अर्थ. २०२४ साली आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. दोन्ही दिवशी सूर्यास्ताला अमावास्या होती. काशीकडे पहिला दिवस धरला गेला, महाराष्ट्रात दुसरा. आकाशातला चंद्र एकच होता. निर्णय दोन झाले.

तेव्हा एक पंचांग खरे आणि दुसरे खोटे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. घरी ज्याने त्याने आपल्या परंपरेचे पंचांग पाळावे. देवळाच्या उत्सवासाठी मात्र सर्व ग्रामस्थांनी एकत्र बसून एकच पंचांग मुक्रर करावे. नव्या वर्षाचे पंचांग पाडव्याच्या बरेच आधी मिळते. माघ महिन्यातच त्यावरून वर्षाचे उत्सव काढून तारखा सभामंडपातील फळ्यावर लिहाव्यात आणि परगावच्या मंडळींना पत्राने कळवाव्यात.

हे देऊळ साऱ्या गावाच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून उभे राहिले. त्याच्या दारातून पालखी एकाच दिवशी निघावी आणि तिला साऱ्या गावाचा खांदा लागावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.