पट्ट्याची झीज, रोलरची निगा



1959 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली.
अशा भट्ट्यांना लागणारा कोक ज्या कोळशापासून होतो,
तो कारखान्यात रबरी पट्ट्यांवरून वाहून नेला जातो.

या पट्ट्याला घर्षण हवेही असते आणि नकोही असते.
पट्टा ओढणाऱ्या चालक ड्रमवर ते हवे;
तेथे पकड सुटली, तर पट्टा घसरतो आणि तापतो.

पट्ट्याखालच्या रोलरमध्ये मात्र ते नको.
कोळसा स्वतः मऊ असला, तरी त्यातील गारगोटीचे कठीण कण बेअरिंगमध्ये शिरले,
म्हणजे वंगण बिघडते आणि रोलर अडतो.
अडलेल्या रोलरचे कवच घासून पातळ होते,
आणि अखेरीस सुरीप्रमाणे पट्ट्यालाच चिरते.
साचलेली कोळशाची भुकटी तापून पेटण्याचे भयही असतेच.

म्हणून पट्ट्यांची देखरेख करणाऱ्या बंधुभगिनींना आग्रहाची विनंती:
रोलरचा आवाज ऐका,
भुकटी साचू देऊ नका,
आणि अडलेला रोलर, दप्तरी नोंद करून, त्याच पाळीत बदला;
मात्र पट्टा थांबवून, वीजपुरवठा तोडल्यावरच हात घाला.

पुन्हा सांगतो:
अडलेला रोलर त्याच पाळीत बदला;
त्यात पट्ट्याचे आयुष्य आहे, आणि माणसाचेही.