बत्तीस आवाज, एक लॅपटॉप

राहात्यातल्या एखाद्या ऑर्केस्ट्रातल्या तरुणाकडे लॅपटॉप आणि साधा यूएसबी कीबोर्ड असला, की 'डेक्स्ड' हा मोफत सॉफ्टवेअर सिंथेसायझर त्याच्यासाठी पुरेसा आहे. यामाहाने 1983 मध्ये आणलेल्या डीएक्स-7 या गाजलेल्या वाद्याची ही सॉफ्टवेअरमधली प्रतिकृती.

मूळ वाद्याच्या पहिल्या संचात 32 तयार आवाज, म्हणजे प्रीसेट होते. अकराव्या क्रमांकाचा इलेक्ट्रिक पियानो ऐंशीच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत वाजला. सव्विसावा घंटानादाचा. शेवटचे दोन मात्र आगगाडी आणि विमानोड्डाण! शिर्डीचा विमानतळ शेजारी असताना राहातेकरांना दुसऱ्याचं अप्रूप कितपत वाटेल कोण जाणे.

आवाज तयार होतो सहा 'ऑपरेटर'मधून. एकाचं कंपन दुसऱ्याच्या कंपनाला हलवतं आणि नाद पालटतो. त्यांची जोडणी 32 प्रकारे करता येते. नवशिक्याने आधी प्रीसेट निवडावा, मग एकाच ऑपरेटरची पातळी कमी-जास्त करून फरक ऐकावा. सगळी बटणं एकदम फिरवली, तर हाती फक्त खरखर येते.

प्रीसेटवर नाकं मुरडणारे पुष्कळ. पण 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंडची तयार यंत्रं घेऊनच दहा रागांची डिस्को ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा ती फारशी खपली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभर गाजली.

सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, आणि पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला तर ध्वनीच्या सेटिंगमधलं बफर कमी करा.