खळ, कागद आणि पांढरा हत्ती



सर्कस म्हटलं की आपल्याला तंबू दिसतो. आज मात्र मी तुम्हाला तंबूत नेणार नाही. सर्कस गावात यायच्या दोन-तीन आठवडे आधी गावच्या भिंतींवर जे घडायचं, तेवढंच सांगणार आहे. काळ १८८०च्या आसपासचा, देश अमेरिका.

सर्कशीची गाडी यायच्या कितीतरी आधी रेल्वेचा एक स्वतंत्र डबा गावात येऊन थांबायचा. त्यात ना वाघ, ना विदूषक. होते ते पोस्टरं चिकटवणारे गडी, कागदाचे गठ्ठे आणि खळ शिजवायची भट्टी. होय, खळ! आपण पतंगाला लावायचो तीच, पिठाची. पहाटे बादल्या भरून गडी निघत आणि सुताराचं दुकान, गोठा, कुंपण, दिसेल ती भिंत कागदानं मढवून टाकत. जागेचं भाडं म्हणून मालकाला सर्कशीचा फुकट पास मिळे. पण सर्कसवाले काही भोळे नव्हते. पोस्टर जागेवर आहे की मालकानं फाडलं, हे बघायला मागाहून माणूस यायचा. फाडलेलं दिसलं की पास रद्द.

एका शीटचं माप २८ इंच बाय ४२ इंच. अशी चोवीस शीटं जोडून अख्खी भिंत व्यापणारं एकच चित्रही करत. छपाई शिळाछापाची. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीचं या कामात मोठं नाव होतं. चित्रकारांची नावं मात्र पोस्टरवर सहसा नसत. याच तंत्रानं पुढं १८९४ पासून रविवर्म्याच्या छापखान्यानं लक्ष्मी-सरस्वती आपल्या घराघरांत पोचवल्या. आपल्याकडं दगडातून देवी निघाल्या, तिकडं हत्ती निघाले. मला यात डावं-उजवं करावंसं वाटत नाही.

हत्तींची गंमत ऐका. १८८२ साली अमेरिकी सर्कसवाल्या बार्नमनं लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून जंबो नावाचा हत्ती विकत घेतला. तो मोठा होताच, पण पोस्टरवर त्याच्या पोटाखालून वाहनं जाऊ लागली! मग १८८४ साली बार्नमनं ब्रह्मदेशाहून पांढरा हत्ती आणला. आला तो करडा, अंगावर गुलाबी ठिपके. लोक हिरमुसले. बार्नमचा प्रतिस्पर्धी ॲडम फोरपॉ. त्यानं लगेच स्वतःचा हत्ती पुढं केला, शुभ्र पांढरा. शुभ्र असायला काय झालं? रंगवलेलाच होता! आणि दोघांची पोस्टरं एकमेकांना खोटं पाडत भिंतीभिंतीवर भांडत होती. आधी येणाऱ्या सर्कशीची पोस्टरं लागली की मागून येणारा 'थांबा, खरी मोठी सर्कस अजून यायची आहे' असं छापून तिथंच चिकटवायचा. आपल्या निवडणुकांना उगाच नावं ठेवू नयेत.

हे सगळं जगायचं किती? सर्कस गेली की पावसापाण्यानं कागद सुटायचा. जे वाचलं ते बहुधा योगायोगानं. व्हरमाँट राज्यातल्या कोलचेस्टर गावात १९९१ साली एका जुन्या घराची दुरुस्ती निघाली. भिंतीवरच्या फळ्या काढल्या तर आत फोरपॉच्या सर्कशीची १८८३ची पोस्टरं! ती आज शेलबर्नच्या संग्रहालयात आहेत.

फोरपॉचे गडी तिथं खळ फासत होते, त्याच्या तीन वर्षं आधी, १८८० साली, आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस काढली होती. त्यांच्यामागून देवलांची सर्कस आली, कार्लेकरांची आली. त्यांच्याही जाहिराती कुठल्यातरी माळ्यावर, एखाद्या ट्रंकेच्या तळाशी असतील. सापडल्या तर रद्दीत घालू नका, जवळच्या संग्रहालयाला कळवा. आणि एक सांगतो. त्या काळी चित्र एकदाच भरपूर छापून ठेवत आणि गाव-तारखेची पट्टी वेगळी छापून चित्राला जोडत. चित्र कुठल्याही गावचं असू शकतं, पट्टी एकाच गावची असते. फ्रेम छान दिसावी म्हणून तेवढी ती पट्टी कापू नका.