चढता समुद्र आणि काठावरची वस्ती

खालापूर तालुक्यातील चौक हे गाव डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले. समुद्र तेथून दिसतही नाही. तथापि चौकजवळची धावरी नदी पाताळगंगेस मिळते व पाताळगंगा धरमतरच्या खाडीस. तेव्हा त्या खाडीकाठच्या माणसांची चिंता चौककरांस अगदीच परकी नव्हे.

त्या बाजूस, पेण व अलिबाग तालुक्यांत, खारेपाट पसरला आहे. मातीचे बांध घालून माणसाने ही भूमी समुद्राकडून मागून घेतली. बांधास उघाड्या असतात. ओहोटीस आतले पाणी बाहेर जावे, भरतीस झडप मिटून खारे पाणी अडावे, अशी ही साधी योजना. परंतु खेकड्यांनी बांध पोखरला आणि उधाणात खांड पडली, की एका रात्रीत भातखाचरे खारावतात. १९४८ साली मुंबई सरकारने खारभूमीचा कायदा केला व बांधांस सरकारी आधार मिळाला, हे चांगलेच झाले. पण बांधावरची रोजची नजर खात्यास ठेवता येत नाही, ती गावाचीच हवी.

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. वीतभर पाणी ते काय, असे कोणी म्हणेल! परंतु उधाणाच्या घटकेस बांधाच्या माथ्यावरून पाणी जाण्यास तेवढेच पुरते. शिवाय बाहेरची पातळी चढली की ओहोटीसही उघाडी थोडाच वेळ उघडी राहते, आणि पावसाचे पाणी आत तुंबते. बांध उंच करावा, दारे दुरुस्त ठेवावीत, हे खरेच. पण बांधापुढील तिवरांचे रान आधी राखावे. लाटेचा जोर ते आपल्या अंगावर घेते.

घारापुरी बेटाची गोष्ट निराळी. तेथे पाठीशी डोंगर आहे. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या वस्त्यांस वर सरकता येईल, असे नकाशा पाहणारास वाटते. परंतु होडी काही डोंगरावर लागत नाही.

जागा सोडणे म्हणजे काय, हे चौकने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या ठाकूर कुटुंबांस प्रथम चौक येथे तात्पुरत्या निवाऱ्यात ठेविले; पुढे सिडकोने त्यांच्यासाठी पक्की घरे बांधली. घरे खाली आली, वरचे रान मात्र वरच राहिले.

समुद्र दरडीसारखा एका रात्रीत चढत नाही. बेटावरच्या लोकांस विचार करण्यास अवधी आहे. हलावे लागलेच तर होड्या कोठे लागतील, जाळी कोठे वाळतील, सारी वस्ती एके ठिकाणी राहील की पांगेल, हे ग्रामसभेत आजच विचारता येते. घरांचा आराखडा त्यानंतर काढावा.