छताची गुणपत्रिका

श्रोतेहो, मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर. तेव्हां संशोधनासारख्या विषयावर बोलण्याचा तुम्हांला अधिकार कोणता, असें कोणी विचारील. अधिकार एवढाच, कीं माझा एक विद्यार्थी या वाटेनें गेला आणि त्याला मींच अडविलें होतें.

त्याचे वडील चंद्रपूरकडील एका कोळशाच्या खाणींत कामाला होते. काम सुरू करण्यापूर्वीं ते काठीनें खाणीचें छत ठोकून पाहत. खणखणीत आवाज आला तर छत घट्ट; भद्द आवाज आला तर आंतला थर सुटलेला. "थर सुटला हें काठीला कळतें, पण तो सुटतो कां?" असें त्या मुलानें मला आठवींत असतांना विचारलें. मला उत्तर आलें नाहीं.

पुढें तो नागपुरास खाणकाम-अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. नोकरी चालून आली. घरीं दोन बहिणींचीं शिक्षणें व्हावयाचीं होतीं. तरीहि तो 'गेट'ची परीक्षा देऊन धनबादला जाण्याचें बोलूं लागला. मीं रागानें म्हटलें, "अरे, संशोधन हा भरल्या पोटाचा उद्योग आहे." तो गप्प राहिला. वडील मात्र म्हणाले, "मास्तर, जाऊं द्या त्याला. काठी कधींकधीं चुकते."

धनबादची खाणशाळा १९२६ सालीं सुरू झाली. २०१६ पासून ती आयआयटी आहे. तेथील मंडळींनीं आणि धनबादच्याच केंद्रीय खाण संशोधन संस्थेनें मिळून छताची जणूं गुणपत्रिकाच बनविली आहे. एकूण गुण १००. थरांच्या जाडीला ३०, भेगा वगैरे रचनेला २५, ओलाव्यांत दगड किती टिकतो याला २०, दगडाच्या बळाला १५ आणि झिरपणाऱ्या पाण्याला १०. पाहा, नुसत्या बळाला अवघे १५! दगड कठीण असला, तरी थर पातळ असतील तर ते सुट्या पानांप्रमाणें वांकतात. म्हणून छतांत भोकें पाडून पोलादी बोल्ट बसवितात. वहीचीं पानें दोऱ्यानें शिवावीं, तसे ते थर एकमेकांस बांधले जातात. कोणत्या छताला किती आधार हवा, याचा अंदाज या गुणांवरून करतां येतो.

पण गुण देण्यासाठीं खाणींत उतरावें लागतें. दगडाचे गोल नमुने काढावे, ते यंत्रांत फुटेपर्यंत दाबावे, पाण्यांत फिरणाऱ्या जाळींत किती झिजतात तें पाहावें, आणि महिनेमहिने आंकडे मांडीत बसावें, असा माझ्या विद्यार्थ्याचा क्रम होता. शिष्यवृत्तींतून तो घरीं पैसे पाठवी. बहिणी शिकल्या, थोड्या उशिरां, पण शिकल्या.

त्याच खाणशाळेचे पदवीधर जसवंतसिंग गिल यांनीं १९८९ सालीं राणीगंजच्या महावीर खाणींत अडकलेल्या ६५ कामगारांना पोलादी पिंजऱ्यांतून वर काढलें. तें धैर्य सर्वांना दिसलें, आणि दिसावेंच. परंतु जें छत कोसळलेंच नाहीं, त्याची बातमी होत नाहीं. संशोधकाच्या वांट्याला बहुधा असेंच मुकें यश येतें.

गेल्या दिवाळींत मी त्यांच्या घरीं गेलों होतों. वडील पाटावर बसून काठीनें फरशी ठोकून दाखवीत होते, आणि मुलगा वहींत टिपून घेत होता. कोणता आवाज कशाचा, हें तो अजूनहि त्यांना विचारीत होता.

श्रोतेहो, आपल्या घरचा मुलगा किंवा मुलगी पदवीनंतर आणखी चार वर्षें मागेल, तेव्हां पगाराचा हिशेब जरूर करा. घर चालवावयाचें असतें. पण त्याआधीं त्याचा प्रश्न काय आहे, तेंहि विचारा. मीं तें विचारलें नव्हतें.