वेढ्यातली शिदोरी



दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया कोणत्या, असं विचारलं की नावं ठरलेली असतात. पॅसिफिकमध्ये मिडवे, आफ्रिकेत अल अलामेन, रशियात स्टालिनग्राड. ही नावं बरोबरच आहेत. पण लढाई फिरली म्हणजे नेमकं काय फिरलं, हे आपण क्वचित विचारतो. पानिपतची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी माणसाला याचं उत्तर नवं वाटणार नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी तलवारी भिडल्या खऱ्या, पण त्याआधी कित्येक आठवडे भाऊसाहेबांच्या छावणीतलं धान्य आणि चारा संपत चालला होता. आज मी अशाच दोन वेढ्यांविषयी बोलणार आहे. त्यांच्यात अंतर आहे जेमतेम दीड वर्षाचं. दोन्हीकडे सैन्य अडकलं आणि दोन्हीकडे त्याला विमानानं जगवायचं ठरलं. एका ठिकाणी ते साधलं, दुसऱ्या ठिकाणी नाही.

पहिला वेढा स्टालिनग्राडचा. १९४२च्या उन्हाळ्याच्या अखेरीस जर्मनांचं सहावं सैन्य व्होल्गाच्या काठी पोहोचलं आणि शहरातल्या घराघरांतून झुंज सुरू झाली. रशियनांनी शहरात चिवटपणे तग धरला आणि दोन्ही बगलांवर गुपचूप फौजा जमवल्या. १९ नोव्हेंबरला त्यांनी चढाई केली आणि चारच दिवसांत फास आवळला. अडीच लाखांहून अधिक माणसं आत अडकली. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग यानं हिटलरला शब्द दिला, की विमानं या सैन्याला रसद पुरवतील. रोज निदान तीनशे टन माल लागणार होता. प्रत्यक्षात सरासरी पडली शंभर-सव्वाशे टनांची. बर्फाची वादळं, रशियन तोफा आणि लढाऊ विमानं यांनी वाट अडवली. ऐन नाताळात तर रशियन रणगाडे थेट तात्सिन्स्काया इथल्या विमानतळावरच येऊन धडकले. सुटकेसाठी निघालेली जर्मन फौज सुमारे पन्नास किलोमीटर अलीकडेच थांबली. आतल्या सैनिकांनी घोडे मारून खाल्ले. २ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटच्या तुकडीनं शस्त्रं खाली ठेवली. सुमारे ९१ हजार माणसं कैद झाली. त्यातली जेमतेम पाच-सहा हजार पुढे घरी परतली.

दुसरा वेढा आपल्याच भूमीवरचा, इंफाळ-कोहिमाचा. मार्च १९४४मध्ये जपानचा सेनापती मुतागुची तीन डिव्हिजन घेऊन चिंदविन नदी ओलांडून निघाला. सैनिकांच्या पाठीवर जवळपास तीन आठवड्यांची शिदोरी होती. पुढचं पोट इंफाळच्या कोठारांतून भरायचं, असा हिशेब. सोबत गुरांचे कळपही हाकले होते. चालतं मांस म्हणा ना! त्यातली बरीच गुरं नदीत आणि डोंगरचढावर मेली.

समोर होता जनरल स्लिम. त्यानं आपल्या फौजा मुद्दाम इंफाळच्या खोऱ्यात मागे घेतल्या, जेणेकरून आपली कोठारं जवळ आणि शत्रूची लांब राहावीत. पण जपानी अपेक्षेपेक्षा वेगानं आले. अशा वेळी सांगशाक नावाच्या डोंगरगावात ५०व्या भारतीय छत्रीधारी ब्रिगेडनं वाट रोखून धरली. तिच्यासोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. पाणी नव्हतं. विमानातून टाकलेला बराचसा माल शत्रूच्या हाती पडत होता. तरी २६ मार्चपर्यंत ती माणसं तिथं टिकली. कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांचे ते अमोल दिवस वाया गेले.

२९ मार्चला इंफाळचा रस्ता तुटला. पण इथं आकाश मित्रराष्ट्रांच्या ताब्यात होतं. विमानतळ वेढ्याच्या आत शाबूत होते. पाचवी भारतीय डिव्हिजन तर तोफा आणि खेचरांसकट आराकानहून विमानानं आणली गेली. भूमध्य समुद्राकडची वाहतूक विमानंही मागवून घेतली. वेढ्याच्या काळात सुमारे बारा हजार सैनिक आत आले, तर सुमारे तेरा हजार जखमी आणि आजारी बाहेर नेले गेले. स्टालिनग्राडला जे जमलं नाही ते इथं जमलं, आणि त्याचं कारण शौर्यातल्या फरकात नाही. जर्मन सैनिक भित्रे नव्हते, जपानी तर नव्हतेच.

कोहिमात तर डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट दोन्ही बाजूंच्या खंदकांमधलं मैदान झालं. एप्रिलच्या विसाव्या दिवशी तिथल्या पलटणींना मदत पोहोचली. जपानी सेनानी सातो मात्र वरिष्ठांकडे अन्नासाठी तारा पाठवत राहिला. काहीच आलं नाही. मेअखेरीस त्यानं हुकूम मोडून माघार घेतली. २२ जूनला इंफाळचा रस्ता खुला झाला. या मोहिमेत जपानची पन्नास हजारांहून अधिक माणसं जायबंदी झाली किंवा मेली. मेलेल्यांत गोळीपेक्षा भूक आणि रोगराईचा वाटा मोठा होता. आझाद हिंद सेनेचे सैनिकही त्याच वाटांवर उपाशीपोटी चालत होते. दोन्ही बाजूंना भारतीय होते, हे विसरून कसं चालेल? पुढे मे १९४५मध्ये रंगून मित्रराष्ट्रांच्या हाती आलं, त्याचा पाया या खोऱ्यात घातला गेला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. ब्रह्मदेश पडल्यावर १९४२पासून तिकडचा तांदूळ बंगालला येणं थांबलं. जपानी आलेच तर त्यांच्या हाती लागू नये, म्हणून सरकारनं किनारपट्टीवरच्या होड्या जप्त केल्या वा मोडल्या, तांदूळही उचलला. महागाई आणि साठेबाजीनं उरलेलं काम केलं. १९४३च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली, असं अभ्यासक मानतात. वेढ्यातल्या सैन्यासाठी विमानं दूरदेशाहून मागवता आली; त्याआधीच्या वर्षी बंगालच्या शेतमजुरासाठी, कोळ्यासाठी मात्र जहाजं वेळेवर मिळाली नव्हती. युद्धाच्या इतिहासात हे पान रणांगणाच्या पानाशेजारीच वाचलं पाहिजे.

लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमनं २०१३मध्ये घेतलेल्या मतदानात इंफाळ-कोहिमाची लढाई ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई ठरली. आपल्या पाठ्यपुस्तकांतून मात्र ती ओळी-दोन ओळींत उरकते. कोहिमाच्या युद्धस्मशानभूमीत त्या टेनिस कोर्टाच्या रेषा आजही आखून ठेवल्या आहेत. तिथंच हिंदू आणि शीख परंपरेनुसार अग्निसंस्कार झालेल्या ९१७ सैनिकांचं स्मारकही आहे. ईशान्येकडे सहलीला जाल तेव्हा अर्धा तास तिथं काढा आणि नावं वाचा. ओझी वाहणाऱ्या, जखमींना डोंगर उतरवून आणणाऱ्या नागा गावकऱ्यांची नावं तिथं दिसणार नाहीत. त्यांची आठवण आपल्यालाच ठेवावी लागेल.