बिबट्यापलीकडची मोजणी



जुन्नर-आंबेगाव म्हटले की बाहेरच्यांना बिबट्या आठवतो. उसात त्याची पिल्ले वाढतात, माणिकडोहला त्याचे निवारा केंद्र आहे, तेव्हा ते साहजिकच. पण आपले लक्ष त्याच्यापाशीच अडकले, तर बाकीचे रान नजरेआड राहते. शेजारच्या अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, तोही विष्ठेतल्या अवशेषांवरून. प्राणी न दिसताही पुरावा हाती लागतो, मग तो माशीच्या पोटात का शोधू नये? मेलेल्या जनावरावर किंवा विष्ठेवर बसलेली माशी जे खाते, त्यातला डीएनए काही काळ तिच्या आतड्यात टिकतो. 2012 मध्ये व्हिएतनाममधील 25 जळवांपैकी 21 जळवांत सस्तन प्राण्यांचा डीएनए मिळाला (जळू कीटक नव्हे, पण युक्ती तीच). पुढच्याच वर्षी आयव्हरी कोस्टमधील ताई आणि मादागास्करमधील किरिंदी जंगलांतल्या माश्यांनीही तीच साक्ष दिली.

आक्षेप येणारच. इथल्या माशीच्या पोटात आधी गाय, शेळी, कुत्राच निघतील, हे खरे. गोठ्याजवळ सापळा लावला तर गोठाच मोजला जाईल. म्हणून आहुप्याची देवराई आणि उसाचे फड यांचे नमुने वेगळे ठेवावे लागतील. आमिषाच्या मांसावरही जाळी हवी, नाहीतर माशी आमिषच खाईल आणि आपण त्याचाच शोध लावू. माशी उडते, त्यामुळे प्राणी नेमका कुठल्या ओढ्यात होता हे ती सांगणार नाही. किती होते हेही नाही. बिबट्यांची संख्या हवी असेल तर त्यांना ठिपक्यांवरून ओळखणारे कॅमेरेच लागतील. मात्र जमिनीलगत लावलेल्या कॅमेऱ्याला शेंड्यावरचे शेकरू सहसा सापडत नाही, आणि भीमाशंकर अभयारण्याची ओळख तर त्याच्यामुळेच आहे. रानउंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ फोटोत आले तरी प्रजात ठरवणे कठीण. तिथे माशी उपयोगी पडेल.

मला खरी अडचण दिसते ती तुलनेच्या नमुन्यांची. खात्रीने ओळखलेल्या स्थानिक प्राण्याचा डीएनए नोंदलेला नसेल, तर प्रयोगशाळा बहुधा वंश किंवा कुळापर्यंतच पोहोचेल. म्हणून या परिषदेला विनंती की, पहिला सापळा लावण्याआधी या दोन तालुक्यांतल्या लहान सस्तन प्राण्यांचा असा संग्रह उभारण्याचे काम कोणी करायचे, हे इथेच ठरवावे.